दादांचं बटण

दोन वर्षांपूर्वी तातेरावांच्या मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गाठ अडकली आणि त्यांचं सगळं शरीर गेलं. ऐकू येत होतं, कळत होतं, पायाला मुंगी चावली तरी समजत होतं. पण बोलणं गेलं, मान वळणं गेलं. डोळे वरखाली फिरत आणि उजव्या हाताचा अंगठा थोडासा दाबला जाई. काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात अख्खी नोकरी मोठमोठ्यानं बोलण्यात घालवलेल्या माणसाकडे तेवढा एक अंगठा उरला होता.

त्या अंगठ्याखाली एक लाल बटण असायचं, मोठ्या पेढ्याएवढं. त्याची वायर पलंगाशेजारच्या चाकांच्या ट्रॉलीवर ठेवलेल्या कॉम्प्युटरला जोडलेली. कॉम्प्युटर जुना, धाकट्या मुलाच्या, आदर्शच्या, कॉलेजच्या वेळचा. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत. हवी ती ओळ आली की तातेराव बटण दाबत, मग त्या ओळीतली अक्षरं उजळत, पुन्हा दाबत. असं अक्षराला अक्षर जोडून शब्द झाला की कॉम्प्युटरमधला माणूस सपाट आवाजात तो बोलून दाखवी. "सरू. पंखा." "रेणुका. जेवलीस का." बरकतपुऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर हा आवाज ऐकू येई. सुरुवातीला त्यांच्या बायकोला, सरुबाईला, त्याची भीती वाटली होती. आता ती त्याला उलट उत्तरं द्यायची.

गेल्या महिन्यापासून बटण मध्येच सुटायला लागलं. कॉम्प्युटर 'टुंग' असा आवाज करी आणि बटण मेलेलं. त्यांची मुलगी रेणुका घरी असली की वायर काढून पुन्हा लावायची, मग ते चालायचं. पण ती आबिडसला विमा कंपनीत नोकरी करत होती. एकदा ती ऑफिसात असताना बटण सुटलं आणि सरुबाईच्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी रेणुकाने वायर लावून दिली तेव्हा तातेरावांचं पहिलं वाक्य होतं, "दुपारपासून पाय आखडलाय."

 पुण्याहून आदर्श फोनवर म्हणाला होता, "वायर नाही, बटण नाही. मदरबोर्डचे ड्रायव्हर, म्हणजे वायरींशी बोलणारे आतले प्रोग्रॅम, जुने झालेत. चिपसेटचा ड्रायव्हर अपडेट करावा लागेल. पण ताई, थांब, मी दिवाळीला आलो की करतो."

दिवाळी लांब होती.

शनिवारी रेणुकाने सुट्टी घेतली. सरुबाई शेजारच्या कुसुमताईंबरोबर बेगम बाजारला वर्षाच्या मिरच्या आणायला गेली. दिवसा मदतीला येणारी बाई गावी होती. जेवण झालं, म्हणजे तातेरावांच्या पोटातल्या नळीतून पातळ जेवण आणि त्यावर पाणी देऊन झालं, आणि रेणुका कॉम्प्युटरसमोर बसली.

मदरबोर्डचं नाव तिने शोधून काढलं. बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर ते मॉडेल आता नव्हतंच. दुसऱ्या एका साइटवर मिळालं. नंबर तोच होता, फक्त शेवटी एक अक्षर वेगळं. ती थोडा वेळ त्या अक्षराकडे बघत राहिली, मग ड्रायव्हरची फाइल उतरवून घेतली.

पडद्याच्या कोपऱ्यात ओळी उजळायला लागल्या. तातेराव लिहीत होते.

"राहू दे. चालतंय."

"कुठं चालतंय, दादा? परवा काय झालं? पाच मिनिटांचं काम आहे."

"आदर्श येईल."

"तोवर रोज मी परेशान. ऑफिसात बसून माझा जीव टांगणीला लागतो, दादा. मला करू द्या."

 तातेराव डोळे वर करून तिच्याकडे बघत होते. ती नजर तिला कळत होती. ऑपरेशनला नेताना माणूस बघतो तशी होती ती. तिने नजर वळवली आणि बाण त्या फाइलवर नेऊन दाबलं.

हिरवी पट्टी सरकत गेली. मधेच पडदा क्षणभर काळा झाला, परत आला. मग कॉम्प्युटरने विचारलं, आता रीस्टार्ट करू का? तिने 'हो' दाबलं.

कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा चालू झाला. पंखा घरघरला, चिन्ह आलं, मग नेहमीचा निळा पडदा. "बघा, दादा! झालं!" ती म्हणाली आणि माउस हलवला.

बाण हलला नाही.

तिने माउस उलटा करून पाहिला. त्याच्या पोटातला लाल दिवा विझलेला होता. कीबोर्डवरची कळ दाबली, काही नाही. लाल बटण तिने स्वतःच्या बोटाने दाबलं, पुन्हा दाबलं, जोरात दाबलं. पडदा शांत होता. अक्षरांच्या ओळी आल्याच नाहीत, कारण तो प्रोग्रॅम उघडायला आधी पासवर्ड टाकावा लागत होता आणि पासवर्ड टाकायला कीबोर्ड जिवंत नव्हता.

 ज्या जोडण्यांमधून बटण, माउस, कीबोर्ड सगळं आत जात होतं, त्या सगळ्या जोडण्याच त्या चुकीच्या फाइलने मारून टाकल्या होत्या. आधी बटण अधूनमधून सुटायचं. आता कायमचं सुटलं होतं. आणि तो अक्षरांचा प्रोग्रॅम ज्या संस्थेने बसवून दिला होता ती बंद पडून वर्ष झालं होतं. त्याची दुसरी प्रत कुणाकडे नव्हती.

"एक मिनिट हं, दादा," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "वायर ढिली असेल."

तिने ट्रॉली पलंगापासून ओढली, मागे वाकली, सगळ्या वायरी काढून दुसऱ्या भोकांत लावल्या. काही नाही. ट्रॉली परत ढकलून पलंगाला लावली, चाकांचे खटके पायाने दाबले, बंद करून चालू केला. तोच निळा पडदा, तोच मेलेला बाण. आदर्शला फोन लावला. तो उचलेना. 'मीटिंगमध्ये आहे' एवढा मेसेज आला. मोबाइलवर शोधायला लागली. कुणी म्हणे बॅटरी काढा, कुणी म्हणे सगळं पुसून नव्यानं भरा. सगळं पुसायचं म्हणजे तो प्रोग्रॅमही जाणार. दादांचा आवाज जाणार. हे मनात आलं आणि ती पहिल्यापासून पुन्हा शोधायला लागली.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. ती पलंगाकडे पाठ करून बसली होती. मुद्दामच. त्या डोळ्यांकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

मागून एक आवाज आला. घशात काहीतरी अडकल्यासारखा, बारीक. तातेरावांच्या तोंडून आवाज निघत नसे, फक्त श्वास जोरात झाला की तसा घर्र वाजे.

ती वळली.

तातेरावांचं तोंड लालबुंद झालं होतं. कपाळावरून घामाच्या धारा उशीवर चालल्या होत्या. पंखा फुल होता आणि बनियन छातीला चिकटला होता.

"दादा? दादा, काय झालं?"

तिने रक्तदाबाचं यंत्र दंडाला गुंडाळलं. घाईत पट्टा दोनदा सुटला. आकडा आला तेव्हा तिला आधी तो चुकीचा वाटला. इतका वर तो हॉस्पिटलमध्येही गेला नव्हता, फक्त पहिल्या दिवशी गेला होता. झटका आला त्या दिवशी.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, दुसरा आला तर सांगता येत नाही.

तिने अँब्युलन्सला फोन केला. पत्ता दोनदा सांगितला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, गाडी निघतेय, तोवर डोक्याकडची बाजू उंच करा. रेणुकाने पलंगाचा दांडा फिरवून डोक्याकडचा भाग उचलला. सरुबाईला फोन लावला. बेगम बाजारच्या गर्दीत पिशवीच्या तळाशी तो नुसता वाजत राहिला असणार.

"दादा, माझ्याकडे बघा. इकडे. वर बघा."

तातेरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच त्यांचे डोळे खाली गेले. अगदी खाली, पापण्यांत शिरतील इतके. मग वर आले, तिच्यावर टेकले, पुन्हा खाली.

डोळे जातायत, तिला वाटलं. शुद्ध जातेय. एवढे डोळेच उरले होते, तेही जातायत.

"नाही, दादा! नाही! गाडी येतेय. हौ? जल्दी येतेय. डोळे मिटू नका." ती काय बोलतेय तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

तळहातावर काहीतरी टोचल्यासारखं झालं.

अंगठा. तिच्या तळहातावर अंगठा दाबला जात होता. सुटला, पुन्हा दाबला. आचके नव्हते ते. थांबून, दम घेऊन, मुद्दाम दाबल्यासारखं होतं. ते बटण दाबत होते. बटण नव्हतं तरी दाबत होते.

रेणुकाचं रडणं तिथल्या तिथे थांबलं.

"दादा, तुम्हाला ऐकू येतंय? येत असेल तर एकदा दाबा."

अंगठा दाबला गेला.

"छातीत दुखतंय?"

काही नाही.

"डोकं?"

हलकं दाबलं. मग डोळे पुन्हा खाली.

"डोकं दुखतंय, पण दुसरं काहीतरी सांगायचंय?"

जोरात.

 सुचलेल्या प्रत्येक प्रश्नाला अंगठा गप्प होता. मग तिने पडद्यावरच्या ओळी आठवल्या. पडदा मेला तर मेला. "मी ओळी म्हणते. हवी ती आली की दाबा. अ-ची ओळ? क-ची? च-ची? ट-ची? त-ची?"

दाबलं.

"त. थ. द. ध. न."

दाबलं.

"न! नर्स? नर्सला बोलावू? नाही. नको? काय नको? नाही... बरं, पुढचं. अ-ची ओळ? क-ची? च? ट? त? प? य?"

दाबलं.

"य. र. ल. व. श. ष. स. ह."

अंगठा हलला नाही. ती थांबली. "परत म्हणते. य, र, ल, व, श, ष, स, ह." काही नाही. तातेरावांचा श्वास घरघरत होता. घाम भुवईवरून डोळ्यात चालला होता आणि डोळा लाल झाला होता. तिने पदराने तो टिपला.

रेणुकाची शाळा तेलुगू आणि इंग्रजीत झाली होती. मराठी तिने घरात बोलून बोलून शिकलेली, वाचायची ती दुकानाच्या पाटीएवढी. क, ख, ग तिला येत होतं ते लहानपणी याच माणसाने मांडीवर बसवून पाठ करून घेतलं म्हणून. हच्या पुढे काय? पुढे काहीतरी होतं. ते वेगळ्या चालीत म्हणायचे आणि ती हसायची. पडद्यावर कोपऱ्यात एक गाठोड्यासारखं अक्षर उजळायचं...

"ळ? दादा, ळ?"

अंगठा इतका जोरात रुतला की त्याचं नख तिला लागलं.

"नळ!" ती उठली आणि स्वयंपाकघरात धावली. नळ बंद होता. बाथरूममधला बंद होता. कुठे पाणी वाहत नव्हतं, कुठे काही नव्हतं. ती तिथेच मोरीपाशी उभी राहिली आणि तिला वाटलं, संपलं, त्यांचं डोकं काम करेनासं झालंय, ते भलतंच काही सांगतायत. बाहेरून घर्र असा आवाज आला तशी ती पळत परत आली आणि हात पुन्हा त्यांच्या अंगठ्याखाली घातला.

"नळ नाही? अजून आहे? ळ-ला काना? पहिली वेलांटी? दुसरी?"

दाबलं.

"नळी."

दाबलं, आणि दाबूनच ठेवलं.

आधी तिने पोटातली जेवणाची नळी पाहिली. ती जागेवर होती, झाकण लावलेलं. मग तिचं लक्ष दुसऱ्या नळीकडे गेलं. तिने चादर उचलली. लघवीची नळी मांडीवरून खाली पलंगाच्या कडेला जात होती. ओटीपोट फुग्यासारखं टणक झालं होतं. पलंगाच्या दांड्याला अडकवलेली पिशवी रिकामी होती, पार चपटी. तिने नळीवरून हात फिरवत नेला, पलंगाच्या कडेवरून, खाली, फरशीपर्यंत.

फरशीवर ती नळी ट्रॉलीच्या चाकाखाली होती.

जुना लोखंडी कॉम्प्युटर, मॉनिटर, खालच्या फळीवरचा यूपीएस, सगळ्याचा भार त्या एका चाकावर, आणि चाकाचा खटका तिने स्वतःच्या पायाने दाबलेला. तातेरावांचे डोळे शुद्ध हरपून खाली जात नव्हते. ते तिला चाक दाखवत होते.

खटका निघेना. तिने टाच मारली, तशी ट्रॉली हलली. चाक सुटलं. चपटी झालेली नळी हळूहळू गोल झाली आणि तिच्यातून पिवळं पाणी धावत पिशवीत पडायला लागलं. रेणुका फरशीवर बसूनच ते बघत राहिली. एक हात वर करून तिने तातेरावांचा हात धरला होता.

अँब्युलन्स आली तोवर त्यांच्या तोंडाची लाली उतरली होती. वर आलेल्या बाईने रक्तदाब मोजला, डोळ्यांत बॅटरीचा उजेड पाडला, नळी आणि पिशवी तपासली. "लघवी तुंबली की असा वाढतो रक्तदाब," ती हिंदीत म्हणाली. "अजून तासभर तुंबून राहिली असती तर काहीही झालं असतं. अब उतर रहा है." तिने तिथूनच त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, रक्तदाब पुन्हा मोजला आणि थोड्या वेळाने ती माणसं गेली. जाताना तिने रेणुकाकडे पाहून विचारलं, "आप ठीक हैं ना, अम्मा?" रेणुका 'हौ' म्हणाली. 

मग आदर्शचा फोन आला.

"ताई, तू रडतीयेस का? काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा बरे आहेत ना? नक्की? ठीक. आता ऐक. काही पुसू नको. कॉम्प्युटर चालू कर आणि चिन्ह दिसलं की चालू-बंदचं बटण दाबून धरून बंद कर. असं दोन-तीनदा कर. मग तो स्वतःच घाबरून दुरुस्तीचा पडदा आणेल. तिथे माउस चालायला हवा. तिथले ड्रायव्हर वेगळे असतात."

"आणि नाही चालला तर?"

"कर तर खरं."

ती तातेरावांजवळ गेली. या वेळी तिने त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. "दादा, पुन्हा हात लावू का त्याला? नक्को म्हणालात तर नाही लावणार. आदर्श येईपर्यंत मी असाच तळहात धरून बसेन."

तातेरावांनी डोळे खाली नेऊन ट्रॉलीकडे पाहिलं. ते विचार करत होते. मग अंगठा एकदा दाबला.

तिने स्टूल पलंगाला खेटून घेतलं. डावा हात त्यांच्या अंगठ्याखाली ठेवला आणि उजव्या हाताने कॉम्प्युटर चालू करून बंद केला, पुन्हा चालू करून पुन्हा बंद. चालत्या यंत्राचा गळा दाबल्यासारखं वाटत होतं ते. तिसऱ्यांदा पडदा वेगळा आला. माउसच्या पोटात लाल दिवा लागला. "बाण हलतोय," ती फोनमध्ये कुजबुजली.

"सिस्टीम रिस्टोर शोध, त्याने तो मागच्या तारखेला परत जातो. आजची दुपारची तारीख आहे का? ड्रायव्हर टाकायच्या आधीची?"

"आहे."

"ती निवड."

पडद्यावर ठिपके गोल फिरायला लागले. खाली लिहिलं होतं, बंद करू नका. त्यात वीज गेली तर? तिने यूपीएसच्या दिव्याकडे पाहिलं. ठिपके फिरत राहिले. मधेच थांबले. पुन्हा फिरले. रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. आदर्श फोनवरच होता. तातेरावांचा अंगठा तिच्या तळहातावर नुसता टेकलेला होता. त्यांचा हात गार पडला होता आणि तिचाही.

पडदा काळा झाला. काळाच राहिला. मग पंखा घरघरला.

निळा पडदा आला तेव्हा तिने माउसला हात लावला नाही. आधी पासवर्डचं पहिलं अक्षर दाबलं. चौकटीत एक ठिपका उमटला.

"चाललं," तिने फोनमध्ये आदर्शला सांगितलं. 

लाल बटण तिने तातेरावांच्या अंगठ्याखाली सरकवलं. ओळी उजळायला लागल्या. त्यांनी लिहायला घेतलं, हळू, दमून. ती वाट बघत राहिली. त्यांनी रागवावं असं तिला वाटत होतं. सपाट आवाज बोलला,

"तू माझ्याकडे बघत नव्हतीस."

रेणुकाने तोंड त्यांच्या हाताच्या बाजूला पलंगावर टेकवलं. "मला भीती वाटत होती, दादा. तुमचा आवाज मी घालवला असं वाटत होतं."

ओळी पुन्हा उजळल्या.

"मला पण. फार."

 सरुबाई आली तेव्हा जिन्यातूनच मिरच्यांचा ठसका वर आला. पिशव्या दारात टेकवून तिने विचारलं, "फोन का केला होतास गं?" रेणुकाने सांगायला सुरुवात केली. सरुबाई ऐकता ऐकता खाली बसली, आणि बसल्या बसल्या तिने हात पुढे करून ट्रॉलीचं चाक आणखी लांब ढकललं.

दिवाळीची वाट न बघता आदर्श पुढच्याच आठवड्यात आला. नवा कॉम्प्युटर आणला, जुन्यातला प्रोग्रॅम जपून त्यात नेला. पण तातेरावांनी अट घातली, नवा महिनाभर नीट चालल्याशिवाय जुना बंद करायचा नाही. त्यामुळे त्या खोलीत बरेच दिवस दोन कॉम्प्युटर एकदम घरघरत होते. आणि रोज संध्याकाळी, टीव्ही लावायच्या आधी, सरुबाई आणि रेणुका आळीपाळीने तळहात पुढे करून ओळी म्हणायला लागल्या. सरुबाई फार चुकायची. तातेराव मग डोळे मिटून घ्यायचे, आणि तिला पुन्हा अ-पासून सुरू करावं लागायचं.